काट्यातला पासंग

९ जानेवारी

धाकट्या,

पत्राची पहिली ओळ हवापाण्यावर उधळायची नाही, असं कॉन्व्हेंटमधल्या आमच्या मदर सांगायच्या. म्हणून सरळ विचारते. तू रक्त तपासून घेणार आहेस की नाही?

फोनवर विचारलं की 'हो गं, बघतो' म्हणतोस आणि लगेच कुणीतरी गिऱ्हाईक येतं. माझी सगळी नोकरी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये गेली, सुपरवायझर होऊन बाहेर पडले. माणूस फोनवर सगळ्यात सफाईने खोटं बोलतो, हे माझ्या दोन्ही कानांना पाठ आहे. कागदावर खोटं लिहायला हात अडखळतो. तेव्हा यापुढे हा विषय पत्रातच.

दादाला जाऊन वर्ष होत आलं. बाबा गेले तेव्हा तू शाळेत होतास, तुला कुणी काही सांगितलं नाही. बाबाही स्वादुपिंडाच्या कॅन्सरनेच गेले. दोघांची गोष्ट अगदी सारखी. आधी जरा गॅस, मग जरा पाठ, मग भूक नाही, आणि डोळे पिवळे होईपर्यंत सगळे शहाणे डॉक्टर पित्ताच्या गोळ्या देत बसले. डोळे पिवळे झाल्यावर कळलं ते काय कामाचं? बैल गेला नि झोपा केला. एका घरातले दोघं एकाच दुखण्याने गेले, तर उरलेल्यांनी हातावर हात धरून बसायचं असतं का? आणि उरलोय कोण, तू नि मी.

इथल्या एका लॅबोरेटरीने पेपरात पान भरून जाहिरात दिली आहे. 'एक नळी रक्त द्या, स्वादुपिंडाची चिंता सोडा.' या कॅन्सरमध्ये रक्तातला एक पदार्थ वाढतो, तो ते मोजतात. मी मागच्या आठवड्यात देऊन आले. माझा आकडा इतका कमी की कागदावर जवळजवळ शून्य. ती काउंटरवरची पोरगी म्हणाली, 'आजी, मस्त!' आजी कुणाची गं, म्हटलं, पण चिडले नाही. इतकं हलकं वाटलं.

त्यांची शाखा तुझ्या गावातही आहे. पत्ता मागे लिहिला आहे. सिगारेट सोडली असशील असं धरून चालते.

बाकी ठीक. शिंप्याचा मात्र हात गेलाय. तीन ब्लाउज शिवले, तिन्ही उशीच्या अभ्र्यासारखे. वर मलाच म्हणतो, 'बाई, नेहमीच्याच मापाने शिवलेत.' चष्म्याचा नंबर वाढलाय आणि कबूल करायला लाज वाटते मेल्याला. चार शब्द सुनावून आले.

ताई


२४ जानेवारी

ताई,

तुझं पत्र आलं तेव्हा मी स्टुलावर बसलो होतो. अक्षर पाहून सवयीने उभा राहिलो. बायको हसली.

अगं, मला काहीसुद्धा झालेलं नाही. घोड्यासारखा आहे. रक्त द्यायला माझी ना नाही, पण सुई पाहिली की मला कसंसंच होतं, ते तुला ठाऊक आहे. लहानपणी लस टोचायला तू नि दादा मला दोन्हीकडून धरून न्यायचात. आता धरायला दादा नाही.

दुकान जोरात आहे. बाजारातल्या दोघा व्यापाऱ्यांचं वजनावरून वाजलं की अजूनही ते पोतं घेऊन माझ्याकडेच येतात. काटे दुरुस्त करणारे आता गल्लोगल्ली झाले, पण 'त्याच्या काट्यावर येईल ते खरं' हे अजून माझ्याच दुकानाबद्दल बोलतात. कमावलं ते एवढंच.

तुला माझी गंमत माहीत नसेल. रोज दुकान उघडलं की मोठा काटा तपासावा लागतो. त्यासाठी पितळी प्रमाण वजनं आहेत, पण ती कपाटातून काढायची, पुसायची, पुन्हा ठेवायची, कमरेचा खुळखुळा होतो. म्हणून मी स्वतःच काट्यावर उभा राहतो. लग्नापासून मी अडुसष्ट. जेवलो काय, उपाशी राहिलो काय, अडुसष्ट. दुकानातलं सगळ्यात भरवशाचं वजन मीच! बायको म्हणते, तुमच्यावर सरकारी शिक्का मारून घ्या.

थंडीने या वर्षी काट्याने त्रास दिला. हलकं दाखवायला लागला. आतला स्क्रू जरा फिरवला, परत अडुसष्टावर आणला. जुनं यंत्र, कुरकुरणारच. तुझ्यासारखं.

हो, आमच्या डॉक्टरने साखर निघाली म्हणून सांगितलं. 'या वयात असतेच' म्हणाला. गोळी चालू आहे. काळजी नको.

धाकटा


२ फेब्रुवारी

धाकट्या,

विनोद चांगले होते. आता उत्तर दे.

मी काय विचारलं आणि तू काय लिहिलंस! पानभर काटा, पानभर पोती, आणि रक्ताचं नाव निघालं की 'कसंसंच होतं.' साठीच्या घरातला बाप्या सुईला भितो. पोरगी परदेशी जाऊन लोकांचे दात उपटते आणि बाप टोचून घ्यायला घाबरतो. चिमणीला कळवू का? तिच्या दवाखान्यात हसत सांगेल ती.

साखर निघाली म्हणजे तुझं चहातलं पाक प्रकरण अजून चालू आहे. चार चमचे साखर ढवळताना मी स्वतः पाहिलंय. जिभेवर ताबा ठेव.

मी शेवटचं लिहिते. महिनाअखेर रिपोर्ट माझ्या हातात पडला नाही, तर मी गाडीत बसते आणि तुझ्या दुकानात, तुझ्या त्या व्यापाऱ्यांच्या समोर, तुझा कान धरून तुला नेते. मी करीन. दादाच्या वेळी मी भिडेखातर गप्प बसले, 'मोठा आहे, त्याला कळतं' म्हणून. तू धाकटा आहेस. तुझ्यासाठी भीड बाळगायचं मला काही कारण नाही.

तुला ओरडते कारण तू एकटाच उरलायस ओरडायला.

ताई


२० फेब्रुवारी

ताई,

दिलं. खुर्चीत डोळे मिटून बसलो आणि पाढे म्हणत होतो. बायकोने हात धरला होता, नर्सने नव्हे, गैरसमज नको.

रिपोर्ट सोबत आहे. वाच. माझाही आकडा जवळजवळ शून्य. खाली त्यांनी 'सामान्य' लिहिलंय, त्याखाली मी लाल पेनाने दोन रेघा मारल्यात, म्हणजे तुझा चष्मा कुठेही असला तरी दिसेल.

खरं सांगू? तुला लिहिलं नव्हतं, पण मनात धाकधूक होती. पोटात वर कुठेतरी अधूनमधून टोचतं. रिपोर्ट आला आणि त्या रात्री मेल्यासारखा झोपलो. डॉक्टरलाही दाखवला. म्हणाला, 'आता कशाला पोट-पोट करताय? गॅस आहे.' सोनोग्राफी लिहून देणार होता, ती राहू दे म्हणाला.

आता तरी गप्प बसशील?

धाकटा


१ मार्च

धाकट्या,

बसते गप्प. माझ्या आयुष्यातली ही दुसरी वेळ.

कागद देवळात ठेवावा तसा उशाखाली ठेवून झोपले. सकाळी उठून परत वाचला. तुझ्या लाल रेघा पाहून हसू आलं आणि मग रडूही आलं, ते तुला सांगायचं नव्हतं पण लिहून गेले. दादाच्या शेवटच्या दिवसांपासून छातीवर एक दगड होता. तो उतरला. आपण दोघं सुटलो रे. बाबांचं ते दुखणं दादाबरोबर संपलं.

तुला फार टोचून बोलले. पण टोचल्याशिवाय तू हलत नाहीस, आणि आता तर खरोखरच टोचून घेतलंस!

इकडे विशेष नाही. शिंपी बदलला. नव्याला मापाला माझा जुना, चांगला बसणारा ब्लाउज दिला, म्हटलं डोळे मिटून याची नक्कल कर. तरी सैल! या धंद्यात आता माणसंच राहिली नाहीत. एकटीसाठी स्वयंपाक करायचाही कंटाळा येतो, दोन घास खाल्ले की पुरे वाटतं. उन्हाळा आला की मी अशीच होते.

आता पत्र नाही लिहिलंस तरी चालेल. मजेत राहा.

ताई


११ मे

ताई,

ह्यांना न सांगता लिहिते आहे. चूक झाली तर पदरात घ्या, पण आता मला कुणीतरी पाहिजे.

परवा दुकानात मोठं भांडण झालं. एका भंगारवाल्याने तांब्याची तार आणली होती. घेणाऱ्याने आमच्या काट्यावर तोलून पैसे दिले, घरी जाऊन पुन्हा तोलली तर कमी भरली. तो चार माणसं घेऊन आला. म्हणाला, 'मास्तर, तुम्हीसुद्धा?' एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं. हे खाली बघत उभे राहिले.

माणसं गेल्यावर मी कपाटातली पितळी वजनं काढली आणि एकेक करून काट्यावर ठेवली. ताई, काटा सगळंच जास्त दाखवत होता. खूप जास्त. मी म्हटलं, 'हे कुणी केलं?' तर म्हणाले, 'मी. तीन वेळा.' मग मी स्क्रू मागे घेतला, वजनं ठेवून बरोबर केला आणि ह्यांना म्हटलं, 'चढा.' चढेनात. मी लहान मुलासारखं हाताला धरून चढवलं.

चौपन्न भरले.

मला दिसत नव्हतं असं नाही. पँटीला मीच पट्ट्याची नवी भोकं पाडून देत होते. लोक म्हणायचे, 'वा, साखर आटोक्यात ठेवलीत, कसे सडपातळ झालात!' आणि मीही खूश व्हायची. पण आता पाठ इतकी दुखते की आडवं होता येत नाही, उशी पोटाशी धरून पुढे वाकून बसतात. काल डोळे पाहिले. तुम्ही सांगितले होते ना दादांचे डोळे? तसे.

पण रिपोर्ट तर स्वच्छ होता. दोन रेघा मारून तुम्हाला पाठवला होता. मग हे काय आहे, ताई? तुम्ही शिकलेल्या आहात. मला सांगा की हे दुसरं काहीतरी आहे.

तुमची भावजय


१४ मे

अगं वेडे, त्याला उचल आणि मोठ्या हॉस्पिटलात ने. हे पत्र वाचते आहेस ते उभी राहून वाच आणि निघ. फोन केला तर तुझ्या मागून त्याने 'कोण गं?' विचारलं आणि तू 'राँग नंबर' म्हणून ठेवलास, म्हणून पत्र कुरियरने पाठवते. कसली चोरी आणि कुणापासून?

काल दादाच्या डॉक्टरकडे जाऊन बसले. बिनअपॉइंटमेंटची. बाहेरची बाई हाकलायला लागली, तिला म्हटलं, तू तुझं काम कर, मी माझं करते. डॉक्टर बाहेर आला. दोन्ही रिपोर्ट त्याच्यासमोर आपटले. म्हटलं, हे असं असताना माझा भाऊ पिवळा का पडतोय?

त्याने दोन्ही आकडे पाहिले आणि चष्मा काढला. विचारलं, 'तुम्हाला ही तपासणी करायला कुणी सांगितली?' मी म्हटलं, पेपराने. तो म्हणाला, 'बाई, ही तपासणी धडधाकट माणसाने करून निर्धास्त व्हायची तपासणीच नाही. कॅन्सर सापडलेल्या माणसाचा तो वाढतोय की आटतोय, ते बघायला आम्ही ती वापरतो. सुरुवातीला कितीतरी जणांत ती काहीच दाखवत नाही. आणि काही माणसांच्या रक्तात हा पदार्थ तयारच होत नाही, जन्मापासून. त्यांचा आकडा शेवटच्या दिवशीही शून्याजवळच. घराण्यात येतं ते. तुमच्या दोघांचे आकडे पाहून मला तीच शंका येते.'

दादाच्या बायकोला विचारलं. वहिनी म्हणाली, 'हो, ह्यांचं ते रक्त कायम चांगलंच यायचं, आम्हाला तेवढाच आधार वाटायचा.'

तेवढाच आधार! आपल्या रक्ताला वाचाच नाही गं. ते ओरडणारच नव्हतं. आणि मी मात्र मुक्याच्या दाराशी बसून म्हणत होते, बघा, किती शांतता आहे.

त्याने आणखीही सांगितलं. पन्नाशीनंतर अचानक साखर निघावी आणि माणूस वाळत जावा, हीच घंटा असते. आणि मी धाकट्याला चहातल्या साखरेवरून झापलं. माझा रिपोर्ट दाखवून त्याने सोनोग्राफीसुद्धा टाळली. माझा म्हणते मी, कारण मीच तो त्याच्या गळ्यात बांधला.

ने त्याला. पैसे, झोप, अब्रू, कशाचाही विचार करू नको. मी मागोमाग येते.

ताई


६ जून

ताई,

तू परत गेल्यावर वॉर्ड एकदम शांत झाला. नर्स विचारत होती, 'त्या ओरडणाऱ्या बाई कुठे गेल्या?' तिला चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

सगळ्या तपासण्या झाल्या. तुला फोनवर सांगायला बायकोची जीभ रेटली नाही, म्हणून मी लिहितो. तूच म्हणतेस ना, कागदावर खोटं लिहिता येत नाही. गाठ स्वादुपिंडाच्या डोक्याशी आहे आणि यकृतातही ठिपके आहेत. ऑपरेशन होणार नाही. पिवळेपणा उतरायला एक नळी बसवली, त्याने खाज कमी झाली. सलाइनमधून औषध देतील, सोसेल तितकं. मी विचारलं, 'फेब्रुवारीत आलो असतो तर?' तो तरुण डॉक्टर खिडकीबाहेर बघायला लागला. चांगला मुलगा आहे.

आता काट्याचं सांगतो. तू विचारलं नाहीस, पण बायकोला वाटतं मला वेड लागलं होतं.

पहिल्यांदा स्क्रू फिरवला तेव्हा मला खरोखरच वाटलं की काटा बिघडला. आयुष्यभर तेच पाहिलंय मी. माणूस येतो, म्हणतो वजन चुकतंय, आणि दोष यंत्रात निघतो. माणसात कधीच निघत नाही. दुसऱ्यांदा फिरवला तेव्हा पितळी वजनं काढायला कपाटापर्यंत गेलो होतो. किल्ली लावली, आणि परत फिरलो. तिसऱ्यांदा मला माहीत होतं. तराजूची एक बाजू जड असली की दुसरीला चिमूटभर पासंग बांधतात. तसा मी पासंग बांधत होतो, रोजचा. अडुसष्ट दिसलं की तो दिवस निघायचा. रिपोर्ट होताच खिशात. रिपोर्ट स्वच्छ, काटा अडुसष्ट, मग पाठ का दुखते याच्याशी मला काय करायचंय?

त्या तार घेणाऱ्याचे जादा गेलेले पैसे बायकोने परत केले. तो हॉस्पिटलात येऊन गेला. 'मास्तर, काट्याचं काय घेऊन बसलात' म्हणाला. पण काट्याचंच तर घेऊन बसायचं असतं.

डॉक्टर म्हणतात, सख्ख्यांनी आता रक्ताच्या त्या आकड्यावर विसंबायचं नाही. घराण्यातला दोष शोधणारी रक्ताची तपासणी वेगळी असते, ती माझी घेतली आहे. आणि स्वादुपिंडाचा एमआरआय किंवा तोंडातून दुर्बीण घालून सोनोग्राफी, दरवर्षी. चिमणीने तिकडे तपासणीसाठी नाव नोंदवलं. तू कधी जातेस?

धाकटा


१५ जून

धाकट्या,

मी त्या लॅबोरेटरीत गेले होते. मॅनेजर म्हणून एक टाय लावलेलं पोर आलं. त्याने मला कागदाच्या अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात छापलेली एक ओळ दाखवली. 'हा निष्कर्ष रोगनिदान समजू नये.' मी विचारलं, मग जाहिरातीत चिंता सोडा हे एवढं मोठं का, आणि हे एवढं बारीक का? म्हणाला, 'मॅडम, जागा कमी होती.' पानभर हसणारी म्हातारी जोडपी छापायला जागा होती. मी त्या ओळीचा कागद फाडला आणि त्याच्या टायवर टाकला. बाहेर येऊन फुटपाथवर बसले. एका भाजीवालीने पाणी दिलं.

कुणाला शिव्या घालू? त्यांना घालून झाल्या. तुझ्या डॉक्टरला पत्रातून घातल्या. उरते मी. जाहिरात वाचून तुला नेलं कोणी? मी शिकलेली, मी शहाणी, नाकाने कांदे सोलणारी. तू भित्रा होतास, तुझ्या पोटातलं टोचणं खरं सांगत होतं, आणि मी त्याच्या तोंडात बोळा कोंबला.

माझ्या तपासणीचं काय घेऊन बसलास? मला काही होत नाही. तुझं आधी निस्तरू दे, मग बघू. तू खा. सूप घे. त्या खाण्याबरोबरच्या एन्झाइमच्या गोळ्या चुकवू नकोस, त्याने अन्न अंगी लागतं असं इथला डॉक्टर म्हणाला. एक किलो वाढलं तरी मला कळव. बरोबर काट्यावर.

ताई


२८ जून

ताई,

बायकोच्या हाताने लिहितोय, माझ्या हाताला पेन जड होतंय. शब्द माझेच आहेत, तिने मध्ये काही घातलं तर मी ओळखीन.

आडवं पडून दुसरं काम नाही म्हणून तुझी सगळी पत्रं तिच्याकडून पुन्हा वाचून घेतली. त्यात एक गोष्ट सापडली. तू म्हणशील धाकट्याला औषध चढलंय. ऐक तरी.

जानेवारीत तुझ्या शिंप्याने ब्लाउज सैल शिवले. मार्चमध्ये तू शिंपी बदललास, मापाला जुना चांगला ब्लाउज दिलास, तरी सैल. दोन वेगळी माणसं, माप एकच, आणि चूकही तीच. ताई, माझा धंदा आहे हा. दोन काटे एकच चूक दाखवायला लागले, तर चूक काट्यात नसते.

'दोन घास खाल्ले की पुरे वाटतं' असं तू लिहिलंयस. 'उन्हाळा आला की मी अशीच होते' असं लिहिलंयस. मला तर आठवतंय, उन्हाळ्यात तू दादाच्या ताटातलंसुद्धा उचलायचीस.

तू शिंपी बदललास. मी स्क्रू फिरवला. बहीणभाऊच आपण.

चिमणीच्या मैत्रिणीचा नवरा तिकडे येतोय. त्याच्याबरोबर दुकानातला छोटा माणूसकाटा आणि दहा किलोचं पितळी वजन पाठवतोय. त्याला सांग वर आणून ठेवायला, तू उचलू नकोस. आधी कुणाकडून तरी वजन ठेववून घे. काटा दहावर थांबला की मग तू उभी राहा. चप्पल काढून. आणि जे येईल ते लिही.

आजपर्यंत तू सांगितलंस, मी ऐकलं. एकदा मी सांगतो. मला कळलं तेव्हा फक्त पिवळं व्हायचं बाकी होतं. तुझे डोळे अजून पांढरे आहेत, मी गेल्या महिन्यात मुद्दाम पाहिले. तेवढा वेळ तुझ्याकडे आहे. मला मिळाला होता, मी तो स्क्रूखाली घालवला.

ही म्हणते, पुरे आता, थकलात.

धाकटा


९ जुलै

धाकट्या,

काटा पोचला. तो मुलगा पितळी वजन जिन्यावरून आणताना घामाघूम झाला. तुझं वजन घरात आल्यावर कोपऱ्यात ठेवलं आणि दोन दिवस त्याच्याकडे पाठ करून वावरले. तू कपाटापर्यंत जाऊन परत फिरलास म्हणून तुला मनात किती बोल लावले होते! माझं कपाट तर खोलीतच होतं.

आज सकाळी शेजारणीकडून वजन काट्यावर ठेववून घेतलं. बरोबर दहा. मग चप्पल काढली.

वरचा खोडलेला आकडा वाचायचा प्रयत्न करू नकोस. तिथे मी साठ लिहिलं होतं. नोकरीतून निघताना डॉक्टरी तपासणीत एकसष्ट होते. आता बावन्न. दोनदा उतरले, दोनदा दहाचं वजन ठेववून घेतलं, दोनदा चढले. काटा चुकत नाही रे.

दुपारी जुन्या शिंप्याकडे गेले. तो दुकान सोडून मागच्या दाराने पळायला निघाला. त्याला म्हटलं, थांब, तुझा दोष नव्हता. तो म्हणाला, 'बाई, मला वाटलंच होतं, पण तुम्हाला सांगणार कोण?'

तुला सांगता आलं. तिथून पडून.

तिथून दादाच्या डॉक्टरकडे. या वेळी कुणाला ओरडले नाही, बाहेरची बाई घाबरून विचारायला लागली, बरं आहे ना म्हणून. त्याने पोट दाबून पाहिलं, साखर तपासायला लावली. साखर निघाली आहे. तो म्हणाला, गाठ असेलच असं नाही, दुःखानेही माणूस वाळतो, पण तुमच्या घरात आम्ही दुःखाला दोष देऊन थांबणार नाही. परवा एमआरआय. त्यात काही दिसलं नाही तरी लगेच दुर्बीण. तुझं नाव सांगितलं त्याला. म्हटलं, मला पाठवणारा डॉक्टर नाही, काटेवाला आहे.

मला भीती वाटते, धाकट्या. हे मी तुझ्याशिवाय कुणाला लिहीन? त्या नळकांड्यात झोपवतात तेव्हा हात धरायला कुणाला आत घेत नाहीत म्हणे. लहानपणी तुला दोन्हीकडून धरून न्यायचो. मी पाढे म्हणेन, तुझ्यासारखी.

तुझ्या बायकोचा फोन आला होता. तू दिवसभर झोपून असतोस म्हणाली. मी फोनवर विश्वास ठेवत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून सांगते ते नीट ऐक. एमआरआयचा निकाल आला की तो सगळ्यात आधी तुला कळवणार आहे, आणि तो ऐकायला तू जागा असायला हवास. माझ्या पत्राला उत्तर न देता कुठे जायचं नाही. दादा तसाच गेला.

एक ओळ पुरे. शब्द सुचले नाहीत तर कोरा कागद पाठव. पण पाकिटावर माझं नाव तुझ्या हाताने घाल. अक्षर कितीही वाकडं आलं तरी चालेल, मी या वेळी काढायची नाही चूक.

ताई